उंबरठ्याबाहेरचा दिग्दर्शक

वणीच्या बसस्टँडवर चहा पीत असताना मला सुखदेव गेल्याचं कळलं. तेही कुणी येऊन सांगितलं म्हणून नाही. शाळांचे ग्रुप फोटो काढायला मी काही दिवस तिकडे गेलो होतो आणि निघताना तो दवाखान्यातून घरी आला होता, डोळे अजून पिवळे होते पण जिभेवर धार पूर्वीचीच होती. 'परत येशीन तवा मटन खाऊ' म्हणाला होता. चहाच्या बाकावर कुणीतरी वाचून टाकलेलं वर्तमानपत्र पडलं होतं, त्यावर बशी ठेवायला गेलो आणि त्याचं नाव दिसलं. 'सुप्रसिद्ध दिग्दर्शक दिनकरराव यांचे एकेकाळचे बाह्यचित्रण सहायक, चित्रकला शिक्षक सुखदेव यांचे काविळीने निधन.' पुढे मागे कोण कोण आहे ते. बस, एवढंच. माणूस मेला सुखदेव, पण बातमीत आधी जागा दिनकररावांना. मी तो कागद घडी करून खिशात घातला, चहा तसाच ठेवला आणि यवतमाळची गाडी शोधायला लागलो. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी नंतर आलं. आधी राग आला, आणि आज इतके आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं असा रिवाज आहे, तेव्हा सुखदेवबद्दल गोड लिहायचा प्रयत्न करीन. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

सुखदेव यवतमाळला नगरपालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. गरीब, नम्र, खाली मान घालणारा मास्तर डोळ्यांपुढे आणला असेल तर तो पुसून टाका. हा माणूस भर थंडीत काळा चष्मा लावून फिरायचा. खिशात कंगवा, गळ्यात फुटबॉलच्या पंचाची शिट्टी आणि पांढऱ्या पॅन्टला अशी इस्त्री की बाकावर बसायच्या आधी तो दोनदा विचार करी. माझ्या स्टुडिओत पहिल्यांदा आला तो स्वतःचा फोटो काढून घ्यायला, आणि दिवा कुठे ठेवायचा यावरून माझ्याशी भांडून गेला. फोटो धुतल्यावर पाहिलं तर त्याचंच बरोबर होतं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, त्याला ते आधीच ठाऊक होतं. नागपूरला दीक्षा घेऊन आला त्या वर्षापासून तो गावोगाव जलसे बसवत होता. शंभर-दीडशे माणूस पटांगणात उभा करायचा आणि शिट्टीच्या इशाऱ्यावर असा हलवायचा की बघणाऱ्याला वाटावं, हे लोक आपणहूनच इकडे वळले. कुणाला संवाद घोकायला लावायचा नाही. 'तू कापूस वेचून घरी चालली हायेस, पाय दुखून राह्यले, एवढंच ध्यानात ठेव' म्हणायचा. तो दिग्दर्शक होता. सहायक नव्हता, कुणाचाच नव्हता.

आमच्या भागात तंबूचा सिनेमा फिरवणारे एक शेटजी होते. आर्णी, वणी, पांढरकवडा, जिथे आठवडी बाजार भरतो तिथे त्यांचा तंबू लागायचा. शेटजींच्या डोक्यात एक कल्पना आली. सिनेमा एकदा पाहिला की माणूस परत येत नाही. पण गोष्ट तुकड्यातुकड्यांनी दाखवली तर? या बाजाराला पहिला भाग, पुढल्या बाजाराला दुसरा. गोष्ट होती एका सुनेची. ती घरातून निघाली इथे तंबूतले दिवे लागले, की पुढच्या आठवड्यात बाई कुठे गेली ते बघायला सगळं गाव हजर. त्यांनी मुंबईहून चावी देऊन चालणारे दोन कॅमेरे आणवले, नागपूरच्या रंगभूमीवरच्या कुसुमताईंना सुनेच्या कामासाठी बोलावलं आणि आर्णीतल्या एका कापूस-व्यापाऱ्याचं दुमजली घर चित्रणासाठी मिळवलं. घरमालक बापूसाहेब. सिनेमाला नाव होतं, पण लोक त्याला 'हप्ता' म्हणत. या बाजाराले हप्ता हाय का, असं विचारत. भाग पुष्कळ, गर्दीची दृश्यं पुष्कळ, आणि पावसाळ्याआधी सगळं उरकायचं. एका माणसाच्या हातून होणारं ते काम नव्हतं. म्हणून दोन दिग्दर्शक नेमले. एक दिनकरराव, अमरावतीचे, नाटकं बसवलेले, पुण्याच्या एका स्टुडिओत काही वर्षं काढलेले. दुसरा सुखदेव. दोघांची नावं शेजारी शेजारी, सारख्या अक्षरांत येतील असं शेटजींनी माझ्या देखत कबूल केलं होतं. सुखदेवनं त्या दिवशी मला गरम जिलबी खाऊ घातली आणि तीनदा विचारलं, 'सारख्या अक्षरात म्हनले ना शेटजी? तू आयकलं ना?'

आता काम वाटायचं कसं? दोन माणसांनी मिळून एक गोष्ट सांगायची म्हणजे सोपं नाही. कुणी म्हणालं भाग वाटून घ्या, विषम याचे, सम त्याचे. पण मग एका हप्त्यात सून भोळी आणि दुसऱ्यात खट्याळ व्हायची. कुणी म्हणालं पात्रं वाटून घ्या. शेवटी दिनकररावांनी तोडगा काढला, आणि तो त्यांनी फार सुंदर शब्दांत मांडला. ते हळू आवाजात बोलायचे, ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं. म्हणाले, 'या गोष्टीचा जीव उंबरठ्यात आहे. उंबरठ्याच्या आत घराचा कायदा, बाहेर जगाचा. आतलं मी घेतो, बाहेरचं सुखदेव घेतील. दोन माणसं, दोन नजरा. पडद्यावर प्रेक्षकांना न सांगता कळेल की सून दोन जगांत जगते.' माझ्याही अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. सुखदेवला तर ते इतकं आवडलं की त्यानं तो आपलाच विचार असल्यासारखा गावभर सांगितला. युनिटमधल्या प्रत्येकाला 'उंबरठ्याचा नियम' पाठ झाला. बाहेरचा कॅमेरा आत बघायचा नाही, आतला बाहेर यायचा नाही. बाजार, रस्ता, झरीकडचं जंगल, कापसाच्या गाड्या, विहीर, सगळं सुखदेवचं. देवघर, माजघर, जिना, पलंग, दिनकररावांचं.

माझं काम या दोन मुलखांच्या सीमेवरचं. कुसुमताई आतून बाहेर निघाल्या की त्यांचा पदर कसा होता, कपाळावर बट कुठे होती, हातात काय होतं, हे बाहेरच्या चित्रणात तसंच्या तसं यायला हवं. आतलं आज झालं तर बाहेरचं चार दिवसांनी. म्हणून प्रत्येक वेळी दारात मी त्यांचा एक फोटो काढायचो आणि संध्याकाळी धुवून दुसऱ्या दिग्दर्शकाच्या हाती द्यायचो. युनिटमध्ये त्याला 'हवालीचा फोटो' म्हणायचे. सून आतल्यांनी बाहेरच्यांच्या हवाली केली, त्याची ती पावती. माझा एक पाय ओसरीत, एक अंगणात. कुसुमताई मला म्हणायच्या, 'युसूफभाई, आत दिनकरराव सांगतात आवाज गिळून रडा, बाहेर हे शिट्टी मारून सांगतात रडूच नका, चालत राहा. मी एकच बाई आहे हो, माझ्या दोन करू नका.' पण गंमत अशी की ते जमत होतं. दारात रडणं गिळलेली बाई बाहेर नुसती चालली तरी बघणाऱ्याला ते गिळलेलं रडणं ऐकू यायचं. त्या दिवसांत मी दोघांनाही मोठे कलावंत समजत होतो.

एकदाच घोटाळा झाला. दुसऱ्या का तिसऱ्या भागात सून पितळेची घागर काखेत घेऊन दारातून निघते, आणि बाहेर पाऊल टाकते तो काखेत मातीचा माठ. हवालीच्या फोटोत घागर स्पष्ट होती, सुखदेवनं ती मागितलीही होती. आतून निरोप आला की घागर सापडत नाही, माठ चालवून घ्या. तंबूत लोक खो खो हसले. एक म्हातारा म्हणाला, 'दारातच बदलली पाहा घागर, लय हुशार सून हाय.' सुखदेव चिडला, व्यवस्था बघणाऱ्या पोऱ्यांना शिव्या दिल्या, आणि आम्ही तो विषय विसरून गेलो. घागर सापडत कशी नाही, ती तर रोज मोरीपाशीच असायची, हे तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग सहावा भाग आला. घरानं हाकललेली सून परत येते, तिच्यामागे बाजारातली सगळी माणसं, आणि ती दार ओलांडून आत जाते. साऱ्या गोष्टीची गाठ इथे होती. दिनकररावांनी आतलं आधी घेतलं. सून ताठ मानेनं उंबरठा ओलांडते, सासरा जिन्यावर थबकतो. नंतर सुखदेवनं बाहेरचं घेतलं. त्याची सून दारापर्यंत येते आणि थांबते. दाराच्या मधोमध नाही, जरा बाजूला, आतून कुणी येणार असेल त्याला वाट राहील अशी. नजर आत टाकत नाही, जमिनीकडे ठेवते. आणि हाक मारते, 'कोनी हाय का घरात?' कुसुमताईंनी विचारलं, माझं घर आहे तर मी हाक का मारू? सुखदेव नुसता त्यांच्याजवळ गेला आणि तसा उभा राहून दाखवला, एवढंच. त्याही तशाच उभ्या राहिल्या.

फिल्म मुंबईहून धुवून आली आणि शेटजींच्या गोदामात जोडायला घेतली, तर जुळेना. बाहेर थांबलेली, मान खाली घातलेली बाई आत ताठ मानेनं कशी उगवते? दिनकरराव सुखदेवकडे वळले आणि त्याच हळू आवाजात म्हणाले, 'ती सून आहे, सुखदेव. दारात मागायला आलेली नाही.' सुखदेव म्हणाला, 'ज्या घरानं हाकललं, त्या घरापुढं सून बी तशीच उभी राह्यते साहेब. मी पाह्यलं हाय.' बराच वेळ दोघं बोलत होते, म्हणजे सुखदेव बोलत होता आणि दिनकरराव मान हलवत होते. शेटजींना एवढंच कळलं की फिल्म वाया गेली. ते म्हणाले, जे काय करायचं ते फिरून करा, पण एकानंच करा. तेव्हा सुखदेवच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी विसरणार नाही. म्हणाला, मग मी घेतो. कॅमेरा तिच्या मागून निघेल, गर्दीतून, अंगणातून, दारातून थेट आत जिन्यापर्यंत. मध्ये तोड नाही, जोड नाही. एकदा तरी आत-बाहेर एकाच डोळ्यानं बघू द्या लोकांना. दिनकरराव म्हणाले, 'मग आपल्या नियमाचं काय?' सुखदेव हसून म्हणाला, 'नियम मोडाले तं सहावा भाग हाय साहेब.' दिनकरराव चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखदेव मला घेऊन बापूसाहेबांकडे गेला. कॅमेऱ्यासाठी आतल्या जिन्याला दोऱ्या बांधायच्या होत्या, त्याची परवानगी हवी होती. बापूसाहेब ओसरीवर खुर्ची टाकून सुपारी कातरत बसले होते. आम्ही अंगणात उभे. सुखदेवनं सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून, कॅमेरा कुठून निघेल, कुठे थांबेल. बापूसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो. ते जरा गोंधळून म्हणाले, 'पन मास्तर, तुमच्या साहेबायनं तं पयलेच बोलनं केलं होतं माह्यासंग. मी म्हनलं होतं, माह्यं काई नाई, पन घरात बायामानसं हायेत, देवघर हाय. तं ते म्हनाले, तुमी फिकीर करू नका, मास्तरले आत येन्याची गरजच पडनार नाई, तसंच काम वाटून घेतो. लय समजदार मानूस. कोनाचं मन नाई दुखवलं.'

सुपारी कातरल्याचा आवाज तेवढा येत होता. मी सुखदेवकडे पाहिलं नाही. मला त्या क्षणी घागर आठवली... आणि मग एकेक करून सगळंच आठवत गेलं. आत चहा व्हायचा तेव्हा बाहेरच्या युनिटचा चहा नेहमी स्टँडवरच्या हॉटेलातून का यायचा, ते. पाऊस भुरभुरला होता त्या दिवशी सगळे ओसरीत धावले आणि दिनकररावांनी सुखदेवच्या खांद्यावर हात टाकून त्याला गाडीच्या आडोशाला नेलं, 'चला, पुढच्या भागाचं बोलू', ते. किती प्रेमानं नेलं होतं. सुखदेवनं काळा चष्मा लावला, कंगवा काढून भांग नीट केला आणि म्हणाला, 'बरं हाय बापूसाहेब. बाहेरूनच घेतो.'

आम्ही स्टँडवर आलो. गाडी यायला वेळ होता. मी म्हणालो, चल, दिनकररावांना गाठू, शेटजींसमोर विचारू. तो मान हलवत होता. मग एकदम म्हणाला, 'युसूफ, तो नियम मी साऱ्या युनिटले शिकवला बे. शाळेत पोरायले फळ्यावर काढून दाखवला, हे आत, हे बाहेर, ह्या दोहीच्या मधात कला.' त्यानं काळा चष्मा काढला. 'मले बाहेर ठेवलं त्याचं काई नाई, ते जन्मापासून पाहून राह्यलो. पन त्यानं ते मलेच आवडाले लावलं.' मी पुन्हा म्हणालो, बोल ना मग. तर म्हणाला, 'कायले? मी बोललो की ते म्हनतीन, याले साऱ्याइकडं जातच दिसते. मी नाई बोलत. दाखवतो.'

आणि दाखवलं. फिरून चित्रण झालं त्या दिवशी बापूसाहेबांनी दार सताड उघडं ठेवू दिलं, त्याला त्यांची हरकत नव्हती. सुखदेवनं कॅमेरा रस्त्यावर लावला, गर्दीच्या पाठीमागे. चावीच्या कॅमेऱ्यात एका दमाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास फिल्म पळते, तेवढीच त्याच्या हाती होती. सून येते. थांबते, तशीच, बाजूला. हाक मारते. आतून कुणी येत नाही. ती थोडा वेळ उभी राहते, मग कुणी न बोलावता पाय उचलते आणि आत जाते, अंधारात दिसेनाशी होते. आणि कॅमेरा हलत नाही. रिकामं दार, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसांच्या पाठी. कुणी पुढे जात नाही, कुणी मागे जात नाही. मी शेजारी उभा होतो, मला वाटलं आता शिट्टी वाजेल. वाजली नाही. चावी संपून कॅमेरा आपोआप थांबेपर्यंत तो त्या दाराकडे बघत राहिला. त्या गर्दीतली बहुतेक माणसं त्यानं आपल्याच वस्तीतून आणली होती. कसं उभं राहायचं ते त्यांना सांगावं लागलं नव्हतं.

आर्णीच्या बाजारात तो हप्ता लागला तेव्हा मी तंबूत होतो. पुढे खुर्च्यांवर बापूसाहेब आणि मंडळी, मागे जमिनीवर गाव. सून दारात थांबली. ती आत गेल्यावर रिकामं दार पडद्यावर राहिलं, तेव्हा बायकांच्या बाजूनं कुणीतरी हळूच म्हणालं, 'गेली माय ते... आता आपून?' कुणी हसलं नाही. दिवे लागल्यावरही लोक लगेच उठले नाहीत. दिनकररावांचं आतलं चित्रण त्या जागी जोडलंच नाही, जिन्यावरचा सासरा थेट पुढच्या दृश्यात आला. शेटजी खूश होते. त्या भागाला वणीत दोन खेळ लावावे लागले.

आणि आता अक्षरांचं सांगतो. सिनेमाच्या आरंभीच्या पाट्या रंगवायचं काम सुखदेवकडेच होतं, त्याच्यासारखं अक्षर जिल्ह्यात कुणाचं नव्हतं. पहिले भाग घाईत पाट्यांशिवायच दाखवले गेले होते. त्यानं आता दोन नावं शेजारी शेजारी, सारखी, काळ्यावर पांढरी काढून दिली. आठवड्यानं शेटजींचा निरोप आला. दिनकररावांशी बोलणं झालं आहे, दोन दिग्दर्शक म्हटलं की लोकांचा गोंधळ होतो, मुंबईत अशी पद्धत नाही. दिग्दर्शन दिनकरराव असं एका पाटीवर येऊ द्या, आणि मास्तरांचं नाव दुसऱ्या पाटीवर, 'बाह्यचित्रण साहाय्य' म्हणून. पाटी मास्तरांनीच काढावी, अक्षर छान आहे. मी म्हणालो, काढू नकोस. त्यानं काढली. दिनकररावांच्या नावाच्या वेलांटीला त्यानं असा झोक दिला की पाहत राहावं. मी त्याच्यावर इतका चिडलो की महिनाभर बोललो नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, 'खराब काढलं असतं तं म्हनले असते, जळते. आन दुसऱ्याच्या हातून माह्यं नाव बारीक काहाडून घेऊ काय?' हे मला तेव्हाही पटलं नाही. आज तो नाही तरी पटत नाही. सुखदेव, तू भांडायला हवं होतंस. इस्त्रीची घडी मोडेल म्हणून बाकावर न बसणारा माणूस तू, आणि इथे मात्र बसलास.

पुढे काय व्हायचं ते झालं. दिनकररावांचे सत्कार झाले. नागपूरच्या एका अंकात त्यांच्यावर लेख आला, 'रिकाम्या दाराचा तो अमर क्षण' असं काहीतरी त्यात होतं, आणि सोबत छापलेला फोटो माझा, हवालीचा, माझ्या नावाशिवाय. सुखदेवला नंतर कुणी बोलावलं नाही. हप्त्याची कल्पनाही शेटजींबरोबर मागे पडली. सुखदेव शाळेत फळ्यावर आंबा आणि घडवंची काढत राहिला. वस्तीत त्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं, तेव्हा गवंड्याशी त्याचं मोठं भांडण झालं. कारण दाराच्या चौकटीला त्यानं उंबरठा बसवू दिला नाही. गवंडी म्हणाला, अशी तीन बाजूंची चौकट असते काय कुठे, विंचू येतील, पाणी येईल. त्याच्या बायकोनं, रुखमावहिनींनीही समजावलं. सुखदेवनं ऐकलं नाही. फरशी अंगणातून सरळ आत गेली, मध्ये ना लाकूड ना दगड. दिवेलागणीला तो स्वतः एक बारदान दुहेरी घडी करून दाराखालच्या फटीत लावायचा आणि सकाळी उचलायचा. मला पहिल्यांदा घर दाखवलं तेव्हा कंगवा फिरवत म्हणाला होता, 'हे घ्या, इथं सारं एकाच डायरेक्टरचं.' आम्ही दोघं हसलो होतो. वहिनी हसल्या नव्हत्या, त्यांना विंचवाची भीती होती.

मागच्या महिन्यात नगर वाचनालयात शोकसभा झाली. दिनकरराव अमरावतीहून मुद्दाम आले. आता केस पांढरे झालेत, आवाज अजून हळू झालाय. फार छान बोलले. डोळे भरून आले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं, एवढं मला कळतं. बोलता बोलता त्यांनी उंबरठ्याचा नियम सांगितला. आत घराचा कायदा, बाहेर जगाचा... शब्द न् शब्द तोच. 'आणि बाहेरचं जग सुखदेवसारखं कुणालाच कळलं नसतं,' असं म्हणाले. सभागृहात लोकांनी माना डोलावल्या, माझ्या शेजारच्या प्राध्यापकांनी वही काढून टिपून घेतलं. मला उठून बोलायचं होतं. बापूसाहेबही गेलेत आता, साक्षीला मीच उरलो. पण मला सुखदेवचं 'मी नाई बोलत' आठवलं, आणि रुखमावहिनी समोर बसल्या होत्या. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिलो.

सभा संपल्यावर दिनकरराव म्हणाले, घरी जाऊन भेटून येऊ. मीच त्यांना घेऊन गेलो. अंगण ओलांडून ते दाराशी आले. दुःखाला भेटायला जाताना माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा, हात जोडलेले, नजर समोर भिंतीवरच्या सुखदेवच्या फोटोकडे. आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांनी पाय उंच उचलला. खाली ओलांडायला काहीच नव्हतं. पाय धप्पकन फरशीवर आदळला, तोल गेला, मी दंड धरला म्हणून सावरले. आतून वहिनी शांतपणे म्हणाल्या, 'उंबरठा नाई जी तिथं. सरळ या.' दिनकररावांनी खाली पाहिलं, मग चौकटीकडे. म्हणाले, 'नाही? का बरं?' वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. 'मले वाटलं, तुमाले मालूम असन,' एवढंच म्हणाल्या आणि पाणी आणायला वळल्या.

दिनकररावांना कळलं की नाही, मी सांगू शकत नाही. ते बसले, पाणी प्याले, चहा घेतला, चष्मा पुसला. 'सुखदेव नेहमीच वेगळा विचार करायचा,' असं भिंतीकडे बघत म्हणाले. मग उठले, वहिनींना नमस्कार केला आणि दाराशी आले. त्यांनी खाली नीट पाहिलं... आणि तरीही पाय उचलूनच बाहेर टाकला.

त्यांना गाडीत बसवून मी परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी बारदान हातात घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, 'युसूफभाऊ, गवंडी काल येऊन गेला. आता तरी बसवून देऊ काय म्हने. कालच इचू निघाला न्हानीत.' मी म्हणालो, तुमचं घर आहे वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी बारदानाची तशीच दुहेरी घडी घातली, वाकून दाराखाली सरकवली आणि म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या. हे रातच्याले इचवापुरतं पुरते.'